मंगळावर भूकंप होतो का? एका मुलाला मी चुकीचं उत्तर दिलं

तेरणाकाठ (धागालेखिका) | रविवार, रात्री

मागच्या आठवड्यात उमरगा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आकाशदर्शनाचा कार्यक्रम घेतला. मुलं रांगेनं दुर्बिणीपाशी येत होती. शनीची कडी आणि मंगळ दाखवून झाल्यावर सातवीतल्या एका मुलानं विचारलं, "बाई, तिथं बी भूकंप होतो का?"

मी पटकन सांगून मोकळी झाले, "नाही रे. भूकंप व्हायला भूपट्ट, म्हणजे जमिनीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, सरकावे लागतात, एकमेकांवर घासावे लागतात. मंगळावर असे सरकणारे भूपट्टच नाहीत."

तो जरा थांबला आणि म्हणाला, "मग आपल्याकडं कसा झाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. किल्लारी तिथून जवळ आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या रात्रीच गणपती विसर्जन झालेलं. त्या भागातल्या घराघरात ही वेळ पाठ असते, मुलांचा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालेला असला तरी. मी स्वतः तेव्हा नऊ वर्षांची होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं असलेली घरं झोपलेल्या माणसांवर कशी बसली, हे मी पाहिलेलं आहे. जवळपास दहा हजार माणसं गेली. आणि किल्लारी भूपट्टाच्या कडेपासून कितीतरी दूर, दख्खनच्या ऐन मध्यात आहे. म्हणजे माझं उत्तर त्या मुलाच्या गावालाच लागू पडत नव्हतं, मग मंगळाला कसं पडेल?

घरी येऊन वाचत बसले. मंगळ हादरतो, आणि ते मोजलं गेलेलं आहे! नासाचं इनसाइट यान २६ नोव्हेंबर २०१८ ला मंगळाच्या विषुववृत्ताजवळच्या एलिसियम प्लॅनिशिया या सपाट मैदानात उतरलं. त्यानं यांत्रिक हातानं भूकंपमापक उचलून जमिनीवर ठेवला आणि वारा लागू नये म्हणून त्यावर घुमटासारखं झाकण घातलं. पहिला स्पष्ट हादरा ६ एप्रिल २०१९ ला नोंदला गेला. डिसेंबर २०२२ मध्ये मोहीम संपेपर्यंत १,३०० हून जास्त हादरे जमा झाले होते. सगळ्यात मोठा ४ मे २०२२ चा, ४.७ तीव्रतेचा.

मला पुन्हा त्या शाळेत जाऊन उत्तर दुरुस्त करायचं आहे. पण "होतो" एवढंच सांगून भागणार नाही, तो "का" विचारणार. भूपट्ट नसताना जमीन हलते कशी, हे सातवीच्या मुलाला कळेल असं कुणी सांगेल का? इतर ग्रहांबद्दलही लिहा.

---

कातळरेघ | रविवार, रात्री

फार चांगला धागा. त्या मुलाचा प्रतिप्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. भूगर्भशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, त्या भरवशावर लिहितो.

आपण मुलांना भूपट्टापासून सुरुवात करून देतो, तिथेच गोंधळ होतो. सुरुवात ताणापासून करावी. खडक दाबला, ओढला किंवा पिळला की तो थोडा वाकतो आणि ताण साठवतो. सोसेना झालं की एखाद्या जुन्या कमकुवत भेगेवर तुटतो, झटक्यात सरकतो. त्या झटक्याच्या लहरी म्हणजे भूकंप. ताण आणला कुणी, हा नंतरचा प्रश्न. पृथ्वीवर बहुतेक वेळा तो भूपट्ट आणतात, म्हणून हिमालय, जपान, चिलीच्या कडा सारख्या हादरतात. पण भारतीय भूपट्ट वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर या गतीनं उत्तरेला रेटला जातोय, आणि त्या रेट्याचा ताण कडेपुरता राहत नाही, सगळ्या पट्टात मुरतो. किल्लारीखाली अशी जुनी भेग होती. वर बेसाल्टचे थर आणि काळी माती, त्यामुळे कुणाला तिचा पत्ता नव्हता.

कोयनेचं आणखी वेगळं. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ६ हून मोठा होता. तिथे धरणाच्या पाण्याचं वजन आणि खडकात झिरपलेल्या पाण्याचा दाब, यांनी आधीच ताणलेल्या भेगांना निमित्त दिलं असं मानतात. आजही तिथे हादरे येतात. त्यांच्या अभ्यासासाठी कराडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे आणि गोठणे इथे सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलेलं आहे.

आता मंगळाकडे या. मंगळ आकारानं लहान, म्हणून लवकर निवला. अजूनही निवतो आहे. निवताना आकसतो आणि वरच्या कवचात ताण येतो. शिवाय सर्बेरस फॉसी नावाचा हजारभर किलोमीटर लांब भेगांचा पट्टा इनसाइटच्या पूर्वेला, सुमारे १,६०० किलोमीटरवर आहे. ज्या मोठ्या हादऱ्यांचा ठावठिकाणा लागला, त्यातले बरेचसे तिथलेच. तिथे भूगर्भीय हिशेबानं अगदी अलीकडे लाव्हा वाहिलेला आहे, म्हणजे खाली अजून ऊब असावी.

त्या मुलाला असं सांगा: चुलीवरून उतरवलेला तवा गार होताना कधीकधी "टक्" करून आवाज करतो. त्याला कुणी ढकललेलं नसतं, तो आतल्या आत आकसत असतो.

---

सावलीचं_घड्याळ | सोमवार, सकाळी

कातळरेघ, तव्याचं उदाहरण मनात बसलं.

एक भाषेचा मुद्दा. चंद्रावरच्या हादऱ्याला चंद्रकंप म्हणतात, मंगळावरच्याला मंगळकंप. मग शुक्रकंप, बुधकंप असं करत जायचं का? "भू" म्हणजे पृथ्वी, तशीच भूमी, पायाखालची जमीनही. त्या अर्थानं "मंगळावरचा भूकंप" यात मला काही चूक दिसत नाही. मुलानंही तसंच विचारलं होतं.

---

तेरणाकाठ | सोमवार, सकाळी

पटलं. मी शाळेत "भूकंप"च म्हणणार. मंगळकंप ऐकला की मुलांना तो निराळाच प्रकार वाटतो. आपल्याकडे जे झालं तेच तिथेही होतं, हे कळणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

---

दुर्बीण_आणि_मी | सोमवार, दुपारी

चंद्राबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. खरी सुरुवात तिथून झाली.

जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या वीरांनी चंद्रावर भूकंपमापक ठेवला. तो तीनेक आठवडे चालला. पुढे अपोलो १२, १४, १५ आणि १६ नं ठेवलेल्या चार यंत्रांचं जाळं झालं आणि ते १९७७ पर्यंत चालू राहिलं. तेवढ्या काळात साडेबारा हजारांच्या आसपास नोंदी झाल्या. त्यात उल्का आदळल्याचेही धक्के आहेत. ही यंत्रं बंद केली ती तारीख ३० सप्टेंबर. किल्लारीची तारीख वाचून ते आठवलं.

चंद्रावर भूपट्ट नाहीत, ज्वालामुखीही थंडावलेले, तरी तो हलतो. निम्म्याहून जास्त हादरे फार खोलवरचे, ७०० ते १,२०० किलोमीटरवरचे. ते ठरावीक जागांवरून, महिन्याच्या ठरावीक वेळी येतात, कारण पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण चंद्राला जवळ-दूर होताना ताणतं आणि सोडतं. समुद्राला भरती-ओहोटी येते तसंच, फक्त खडकात. शिवाय चौदा दिवसांच्या रात्रीनंतर ऊन पडलं की तापून तडकणाऱ्या पृष्ठभागाचे बारीक हादरे वेगळे.

भीतीदायक आहेत ते उथळ हादरे. आठ वर्षांत फक्त २८ सापडले, पण त्यातले काही ५ तीव्रतेच्या वर गेले. चंद्रही निवताना आकसतो आहे आणि त्याच्या कातडीला सुरकुत्या पडाव्यात तसे लहान कडे सगळीकडे उमटलेले आहेत. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या लुनार रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानानं असे हजारो कडे टिपले.

आणखी एक गोष्ट मुलांना नक्की सांगा. अपोलो १२ च्या वीरांनी परत निघताना आपल्या उतरणाऱ्या यानाचा रिकामा भाग मुद्दाम चंद्रावर आदळवला. त्याची कंपनं जवळजवळ तासभर चालली! अपोलो १३ च्या वेळी रॉकेटचा मोठा टप्पा आदळला, तेव्हा तर तीन तासांहून जास्त. पृथ्वीवर खडकातल्या ओलाव्यामुळे कंपनं लवकर विरतात. चंद्र कोरडाठाक आणि वरून भेगाळलेला, त्यामुळे लहरी आत इकडून तिकडे आपटत राहतात. मोठ्या घंटेवर टोला पडल्यावर ती घुमत राहते ना, तसं.

आणि आपलं चांद्रयान-३! विक्रम लँडरवर इल्सा नावाचं कंपनमापक होतं, बंगळूरला इस्रोच्या प्रयोगशाळेत घडवलेलं. त्यानं प्रज्ञान रोव्हरच्या चालण्याची कंपनंही टिपली. २६ ऑगस्ट २०२३ ची एक नोंद नैसर्गिक असावी असं इस्रोनं तेव्हाच जाहीर केलं होतं. नंतर सगळी माहिती चाळली तेव्हा अडीचशेच्या वर नोंदी निघाल्या. त्यातल्या सुमारे पन्नास यानाच्या कुठल्याच हालचालीशी जुळत नाहीत. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला कंपनं ऐकणारं हे पहिलं यंत्र.

---

घाटमाथा | सोमवार, रात्री

सगळं वाचलं आणि माहिती उत्तम आहे. तरीही मनातलं बोलतो. मंगळावर कुणी राहत नाही. तिथला भूकंप कुणाचं घर पाडत नाही. आपल्याकडे कितीतरी गावांत शाळेची इमारत भूकंपाला टिकेल का हे कुणी तपासलेलं नाही. इतका पैसा आणि इतकी हुशार माणसं दुसऱ्या ग्रहाची धडधड ऐकण्यात घालवावी का? रागानं नाही, मनापासून विचारतोय.

---

चिकूवाडी | सोमवार, रात्री

घाटमाथा, मी पालघर जिल्ह्यातल्या तलासरीकडचा. आमच्याकडे नोव्हेंबर २०१८ पासून हादरे सुरू झाले. त्याच महिन्यात ते यान मंगळावर उतरलं, हे आज या धाग्यामुळे कळलं. लहान लहान धक्के, पण थांबायचं नाव नाही. दिवसाउजेडी, मध्यरात्री, कधीही. जमिनीतून आधी गडगडल्यासारखा आवाज यायचा, मग भांडी वाजायची. थंडीत लेकरं घेऊन तंबूत झोपलोय आम्ही. भिंतींना तडे गेलेली घरं अजून आहेत.

त्यामुळे तुमचं म्हणणं मला कळतं. शाळा, दवाखाने आधी तपासा, हे मीही म्हणेन. पण त्या वेळी आम्हाला सगळ्यात जास्त कशाचा त्रास झाला सांगू? "हे का होतंय" याचं धड उत्तर मिळत नव्हतं. कुणी धरणाचं नाव घ्यायचं, कुणी खाणींचं, कुणी देवाचा कोप म्हणायचं. पुढे यंत्रं बसवली, तेव्हा निदान कळलं की हे पुष्कळसे धक्के अगदी उथळ आहेत, म्हणून लहान असूनही एवढे जाणवतात. माणसाला तेवढ्यानंही धीर येतो. भूपट्टाच्या कडेपासून लांब जमीन का हलते हे मंगळावरून थोडं जरी जास्त कळत असेल, तर ते माझ्या गावाच्या कामाचं आहे असं मला वाटतं.

---

कातळरेघ | मंगळवार, सकाळी

चिकूवाडी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी यापेक्षा चांगलं लिहू शकणार नाही.

घाटमाथांसाठी एवढीच भर. पृथ्वीच्या पोटात काय आहे हे आपल्याला कळलं तेच भूकंपांमुळे. सगळ्यात खोल छिद्रही बारा-साडेबारा किलोमीटरचं, आणि केंद्र ६,३७० किलोमीटरवर! प्रावरण, गाभा ही नावं आपण पाठ करतो, त्यामागे भूकंपलहरींची मोजमापं आहेत. मंगळाचं तसंच झालं. लहरी गाभ्यावर आपटून परत आल्या, त्यावरून गाभ्याचा बाहेरचा भाग वितळलेला आहे हे दिसलं. २०२१ मध्ये गाभ्याची त्रिज्या १,८३० किलोमीटरच्या आसपास काढली होती. दोन वर्षांनी कळलं की गाभ्याभोवती वितळलेल्या खडकाचा थर आहे, आणि आकडा खाली, १,६५० च्या आसपास आला. एकाच ठिकाणच्या एका यंत्रानं हे साधलं.

---

सावलीचं_घड्याळ | मंगळवार, सकाळी

एका यंत्रानं? शाळेत तर आम्हाला शिकवलं होतं की अपिकेंद्र, म्हणजे हादरा जिथे झाला त्याच्या बरोबर वरची जागा, काढायला तीन ठिकाणच्या नोंदी लागतात.

---

कातळरेघ | मंगळवार, दुपारी

लागतातच, नेमकं ठिकाण हवं असेल तर. एकावर अंदाज बांधता येतो. वीज चमकल्यावर गडगडाट यायला किती वेळ लागला ते मोजून आपण ती किती लांब पडली ते सांगतो ना? भूकंपातही दोन लहरी निघतात. प्राथमिक लहर वेगानं पुढे येते, दुय्यम मागून. दोघींच्या येण्यातलं अंतर जितकं जास्त तितका भूकंप लांबचा. पहिल्या लहरीनं यंत्र कुठल्या दिशेला हललं त्यावरून बाजू कळते. इनसाइटचं काम असंच चाललं. पण वाऱ्याचा उपद्रव फार. दिवसा वारा इतका की बारीक हादरे त्यात बुडून जायचे, संध्याकाळी वारा पडला की ऐकू यायचे.

वाऱ्याचा हा धडा आधीच्या मोहिमेनं दिला होता. १९७६ च्या दोन्ही व्हायकिंग यानांवर भूकंपमापक होते. पहिल्याचं यंत्र कुलपातून सुटलंच नाही. दुसऱ्याचं चाललं, पण ते यानाच्या पाठीवर बसवलेलं, त्यामुळे त्यानं मुख्यतः यानाला लागणारा वाराच मोजला. म्हणून इनसाइटनं यंत्र खाली जमिनीवर ठेवलं. मधे चाळीसेक वर्षं गेली.

---

दुर्बीण_आणि_मी | मंगळवार, दुपारी

त्या ४ मे २०२२ च्या मोठ्या हादऱ्याची गोष्ट राहिली. कंपनं सहा तास टिकली. आधी शंका आली की उल्का पडली असावी. कारण २४ डिसेंबर २०२१ ला तसंच झालं होतं. यंत्रानं ४ तीव्रतेचा धक्का नोंदवला, आणि मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाच्या छायाचित्रांत सुमारे दीडशे मीटर रुंदीचं ताजं विवर सापडलं. कडेला बर्फाचे तुकडे विखुरलेले! म्हणून या वेळीही विवर शोधायचं ठरलं. युरोप, चीन, संयुक्त अरब अमिराती आणि आपली इस्रो, या सगळ्यांना आपापल्या यानांची छायाचित्रं तपासायची विनंती गेली. विवर मिळालं नाही. म्हणजे हादरा मंगळाच्या पोटातलाच होता, हे २०२३ मध्ये जाहीर झालं.

---

निरभ्र | मंगळवार, रात्री

धागालेखिकेनं इतर ग्रहही विचारले होते.

बुधावर अजून कुणी भूकंपमापक नेलेला नाही. पण तोही आकसला आहे आणि त्याच्यावर शेकडो किलोमीटर लांबीचे कडे आहेत, तेव्हा हादरे बसत असणार असं मानायला जागा आहे.

शुक्र मला सगळ्यात ओढ लावतो. आकार जवळपास पृथ्वीएवढा. तापमान ४६० अंशांच्या आसपास, हवेचा दाब आपल्या नव्वद पट. सोव्हिएत संघाची व्हेनेरा १३ आणि १४ मार्च १९८२ मध्ये तिथे कंपनमापक घेऊन उतरली, पण तास-दोन तासांत बंद पडली. तेवढ्यात भूकंप यायची वाट किती बघणार? म्हणून आता फुगे सोडायची कल्पना आहे. जमीन हलली की हवेत अतिशय मंद सुरातल्या, आपल्या कानाला न येणाऱ्या लहरी उठतात, त्या वर तरंगणाऱ्या फुग्यानं टिपायच्या. हे होऊ शकतं का ते पृथ्वीवर बघून झालं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये इंडोनेशियातल्या फ्लोरेसजवळच्या मोठ्या भूकंपाच्या लहरी उंचावरच्या फुग्यांनी नोंदवल्या. शुक्राच्या दाट हवेत तर ते आणखी सोपं जाईल.

गुरू, शनी यांना पाय ठेवायला जमीनच नाही, त्यामुळे भूकंप हा शब्द तिथे लागू नाही. पण शनी आतून थरथरतो. त्यानं त्याचं गुरुत्वाकर्षण किंचित बदलत राहतं आणि कड्यांमध्ये लाटा उठतात. शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानाच्या नोंदींतल्या या लाटा वाचून शनीचा दिवस १० तास ३३ मिनिटं ३८ सेकंदांचा काढला गेला. म्हणजे शनीची कडी हाच त्याचा भूकंपमापक! मुलांनी त्या रात्री तीच पाहिली होती.

सूर्यही हलतो. ९ जुलै १९९६ ला सौरज्वाळेनंतर सूर्यावर तळ्यात दगड टाकल्यासारखी वर्तुळं पसरली, ती सोहो या यानानं टिपली. सूर्याची ही कंपनं अखंड पाहायला जगभर सहा ठिकाणी दुर्बिणी आहेत, त्यातली एक उदयपूरला.

---

घाटमाथा | मंगळवार, रात्री

शाळांबद्दलचं माझं म्हणणं मी सोडत नाही. पण चिकूवाडींचं वाचल्यावर ही दोन कामं एकमेकांच्या आड येतात असं आता वाटत नाही.

---

फळा_आणि_खडू | बुधवार, सकाळी

मी शिक्षक आहे, एक प्रयोग सुचवतो. लांब बाक घ्या. एका मुलाला एका टोकाला कान लावून डोळे मिटायला सांगा. दुसऱ्या टोकाला आधी टिचकी, मग बुक्की, मग नाणं सोडा. काय झालं ते तो न बघता ओळखतो. मग मधे घडी घातलेली गोधडी ठेवून तिच्यावर टिचकी मारा. आवाज विरतो. कोरडा चंद्र आणि ओली पृथ्वी यातला फरक हाताला लागतो. आमच्या वर्गात हे करताना पोरं तासाची घंटा विसरली.

---

तेरणाकाठ | शुक्रवार, रात्री

आज जाऊन आले.

आधी सगळ्यांसमोर सांगितलं की त्या रात्री मी चुकीचं उत्तर दिलं होतं आणि त्यानं विचारलेला प्रश्न बरोबर होता. तो मान खाली घालून हसला. मग तवा, घंटा, बाक, सगळं केलं. बाकाला कान लावायला मोठी रांग लागली. मुख्याध्यापकांनीही लावला.

किल्लारीबद्दल बोलताना सगळे गप्प झाले. मी म्हटलं, जमीन तिथेही हलते, चंद्रावर हलते, मंगळावर हलते, आपण काही पाप केलं म्हणून हललेली नाही. मागे एक आजी नातवाला न्यायला आल्या होत्या, त्या दाराशीच थांबून ऐकत होत्या. नंतर जवळ येऊन म्हणाल्या, "तेव्हा लई जण म्हणायचे, आपलंच काहीतरी चुकलं म्हणून." पुढे काही बोलल्या नाहीत. माझा हात धरून उभ्या राहिल्या.

मग त्याच मुलानं विचारलं, "ते यंत्र अजून ऐकतंय का?" सांगितलं की नाही, सौर पट्ट्यांवर धूळ साचत गेली, वीज पुरेना, डिसेंबर २०२२ पासून ते बंद आहे. यान तिथेच बसलंय. मागून एक मुलगी म्हणाली, "कुणी पुसली नाही का?"

निरभ्र, शनीच्या कड्यांचं आज राहून गेलं. पुढच्या महिन्यात दुर्बीण घेऊन परत जाणार आहे, तेव्हा दाखवत दाखवत सांगेन. फळा_आणि_खडू, बाकाऐवजी लोखंडी पाइप चालेल का? आठवीच्या वर्गात बाकच नाहीत, मुलं खाली बसतात.

---

फळा_आणि_खडू | शुक्रवार, रात्री

पाइप चालेल. पण फरशीच जास्त चांगली, सगळ्यांना एकाच वेळी पालथं झोपून कान लावता येतो. आधी झाडून घ्या.